अडसरबाई आणि मामांचं वजन

अडसरबाईकडे वाटीभर साखर मागायला जायचं, तर माणसानं घरून अभ्यास करून जावं. "किती हवी?" "वाटीभर." "कुठली वाटी?" "अहो, ही काय हातात." मग ती वाटी स्वतःच्या हातात घेणार, उलटी करून बूड बघणार, आत ओल नाही ना ते बोटानं चाचपणार, आणि चहाला हवी की आणखी कशाला, हेही विचारून घेणार. एवढं झाल्यावर माणूस तोंड पाडून घरी येतो आणि पाहतो तर वाटीवर शीग लावलेली असते. दार अरुंद, घर मोठं, असला हा प्रकार.

तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. अडसर हे नाव ठेवलं तळमजल्यावरच्या टपालमामांनी. मामा उभा जन्म पोस्टमन होते. "निळं दार, वरचा मजला, जिचा नवरा फार शिंकतो" एवढ्याच पत्त्यावर आलेलं पाकीट म्हणे त्यांनी बिनचूक पोचवलं होतं. कुणाला, ते विचारू नये. ते निळं दार इथून फार लांब नाही आणि शिंका अजून चालू आहेत.

"ही बाई पोस्टात असती," मामा चारचौघांत तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "तर अर्धी वस्ती पत्रांविना राहिली असती."

"आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला स्वतःचीच पत्रं मिळाली असती," ती म्हणायची. "शेजारणीची नाही."

मामांच्या मागेपुढे कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. त्यामुळे अडसरबाईला त्यांनी परस्पर भाची करून टाकलं होतं आणि तिच्या नवऱ्याला, बस डेपोतल्या मेकॅनिकला, ते जावईबापू म्हणायचे. जावईबापूही मान राखून होते. मामांचा नळ, मामांचा पंखा, मामांचं कुरकुरणारं दार, सगळं त्यांच्याच हातचं.

अडसरबाईची नजर घडली ती बटणांच्या कारखान्यात. शाळा संपली तशी ती तिथं लागली. समोरून पट्टा सरकतोय, पट्ट्यावर बटणं, आणि त्यातलं भोक बुजलेलं, कड उडालेली, रंग उतरलेला असं प्रत्येक बटण उचलून बाजूच्या डब्यात टाकायचं. हे तिनं इतकी वर्षं केलं, की पुढे लग्नात सुद्धा तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या शर्टाची बटणं पाहिली, असं नवराच सांगतो. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायका शिवणकामाला लागल्या, दुकानांत लागल्या. ही गेली संध्याकाळच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. हिनंही "बसा" म्हणून घेतलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

आज ती सायकलींच्या दुकानावरच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. चार टेबलं, एक खिडकी, आणि तिच्यापेक्षा वयानं लहान असलेले एक साहेब. पोहण्याचा तलाव, वाचनालय, डायलिसिस केंद्र, अशा लहानसहान संस्थांना लागणारी वेब अ‍ॅप्लिकेशन्स ही मंडळी बनवतात. आणि तिच्या वाट्याला काम कुठलं आलं म्हणता? व्हॅलिडेशन. म्हणजे लोक जी माहिती भरतात ती आत घ्यायच्या लायकीची आहे का, ते दारातच तपासणं. देव जोड्या लावतो म्हणतात. नोकऱ्यांच्या बाबतीतही तो अधूनमधून लक्ष घालत असावा.

त्या लोकांच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या आयत्या सांगाड्यावर ते अ‍ॅप्लिकेशन उभं करतात त्यात, काही नियम तयारच मिळतात. रकाना रिकामा चालणार नाही, आकड्याच्या जागी आकडाच हवा, तारीख खरी हवी, संख्या इतकी ते इतकी. हे म्हणजे रेडीमेड शर्ट. बऱ्याच जणांना बसतात. पण एखाद्याच्या अंगाला बसला नाही, की मग आपला नियम आपणच शिवायचा आणि फ्रेमवर्कच्या नियमांच्या रांगेत असा नेऊन उभा करायचा, की त्यालाही तो आपल्याच घरातला वाटावा. आणि लावायचा तो स्क्रीनवरच्या रकान्याला नाही, तर थेट मॉडेलला. मॉडेल म्हणजे साचा. रुग्ण म्हटला की त्याचं नाव, वय, वजन, मशीनची वेळ, हे सगळं ज्या साच्यात बसतं तो. साच्यालाच नियम लावला, की माहिती पुढच्या दारानं येवो, मागच्या दारानं येवो किंवा मोबाइलवरून येवो, तपासणी कुणाला चुकत नाही. कुणी कितीही घाईत असो, डोळे मिचकावो, ओळख सांगो.

हे शिवणकाम अडसरबाईला फार आवडायचं. "दुसऱ्यांनी केलेल्या नियमात मजा नाही," ती नवऱ्याला सांगायची.

"ते आम्हाला लग्नापासून ठाऊक आहे," नवरा म्हणायचा.

तर झालं असं. डायलिसिस केंद्रात एका पेशंटबाईंच्या वजनाचे आकडे उलटे पडले. पंचेचाळीसचे चोपन्न झाले. तिथं वजन म्हणजे गंमत नाही. मूत्रपिंडं काम करत नसली की पाणी अंगात साचतं. पाणी सोडून माणूस जेवढा उरायला हवा, त्याला ते लोक कोरडं वजन म्हणतात. ते डॉक्टर ठरवून देतात. आजच्या वजनातून कोरडं वजन वजा केलं, की आज मशीननं किती पाणी काढायचं ते कळतं, आणि ही वजाबाकी अ‍ॅप्लिकेशन करून दाखवतं. चोपन्न धरून काढायला गेले असते तर त्या बाई खुर्चीतच वाळल्या असत्या. केंद्राच्या मोठ्या सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

मोठी सिस्टर जिना चढून, धापा टाकत, ऑफिसात आली. "मला असं काहीतरी करून द्या," ती म्हणाली, "की असली चूक आतच जायला नको. माणसाचं वजन दोन दिवसांत नऊ किलो वाढतं का?"

"वाढत नाही," अडसरबाई म्हणाली. तिचे डोळे चमकले. हा रेडीमेड नियम नव्हता. प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणजे इतके ते इतके किलो असा एकच नियम सगळ्यांना लावून चालणार नाही. आजचं वजन त्याच माणसाच्या मागच्या वजनाशी ताडून पाहायचं, आणि तीन किलोंहून जास्त फरक असला की नोंद अडवायची.

तिनं तो नियम असा झोकात लिहिला, की साहेब खुर्ची ओढून बघायला आले. अडल्यावर स्क्रीनवर काय दिसावं, तेही तिनंच लिहिलं होतं: वजन चुकीचं आहे. खाली लगेच, ते कोणत्या दोन आकड्यांच्या मधे असायला हवं ते.

"जरा मऊ लिहूया का?" साहेब म्हणाले. "कदाचित चुकीचं असू शकेल, असं?"

"साहेब, बटण फुटकं असलं की ते फुटकं असतं. कदाचित फुटकं नसतं."

साहेबांनी खुर्ची परत जागेवर नेली. नियम केंद्रात लागला. त्यानं दोन-तीन चुका पकडल्याही. मोठ्या सिस्टरनं फोन करून शाबासकी दिली आणि अडसरबाई त्या दिवशी जिन्यावरून गुणगुणत चढली. गुणगुणणं सोडा, तिनं मीटरच्या पेटीवर कुणीतरी ठेवलेल्या चपलांबद्दल सुद्धा चौकशी केली नाही.

आता मामांकडे वळू. मामा त्याच केंद्रात डायलिसिसला जायचे, आठवड्यातून तीनदा. त्याला ते "ड्यूटी" म्हणायचे. पोस्टमनच्या पायांनी जन्मभर काम केलं आणि शेवटी साखरेनं त्यातलाच एक धरला. बोटाला जखम झाली, ती चढत गेली, आणि मोठ्या हॉस्पिटलात डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मामा बरेच दिवस तिथंच होते. डायलिसिसही तिथल्याच मशीनवर. अडसरबाई रोज सूपचा डबा घेऊन जायची. नर्सनं डब्याचं झाकण उघडायच्या आत ही तिला मीठ किती घातलंय ते सांगायची.

"काय गं अडसर," मामा एकदा पांघरुणाकडे बघत म्हणाले, "आता एकच बूट घ्यायचा तर दुकानदार अर्धे पैसे घेईल का?"

"नाही घेणार."

"मग तुझ्या नवऱ्याला विचार, माझ्या मापाचा उजवा बूट कुणाला नकोय का डेपोत. जोडीनं घेऊ."

असं सगळं हसतखेळत. आता गंमत बघा. हॉस्पिटलच्या बसमध्ये, डबा मांडीवर घेऊन, ती डोक्यात वजनाचा नियम शिवत होती. मामांचा पाय गेलाय हे तिला ठाऊक होतं. मामा त्या केंद्रात जातात हेही ठाऊक. आणि नियम त्याच केंद्राचा. पण एकाच इमारतीत वर्षानुवर्षं राहून एकमेकांची ओळख नसलेली बिऱ्हाडं असतात ना, तशा या गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि एकीनं दुसरीचं दार वाजवलं नाही.

मामा चाकाच्या खुर्चीतून घरी आले. केंद्रातली पहिली ड्यूटी लागली तेव्हा जावईबापूंनी रजा काढून त्यांना नेलं. दुपार कलायला लागली तरी दोघं आले नाहीत. मग आले तेव्हा मामा खुर्चीत पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखे दिसत होते आणि नवऱ्याच्या कपाळावर आठी होती. त्याच्या कपाळावर आठी दिसणं ही साधी गोष्ट नव्हे. बसचं इंजिन बाहेर काढून ठेवलेलं असतानाही तो शीळ घालतो.

मामांना पलंगावर टेकवून तो वर आला आणि पाणी प्यायला.

"मधेच चक्कर आली त्यांना," तो म्हणाला. "पायात गोळे. जो पाय नाही त्यात सुद्धा. डोळे फिरवले. मग धावपळ, सलाईन, सगळं."

"का?"

"पाणी जास्त काढलं गेलं म्हणे. दीडेक लिटर जास्त."

"कसं जास्त? वजन बघत नाहीत का?"

"बघितलं ना. नवीन पोरगी आहे सिस्टर. खुर्चीसकट काट्यावर घेतलं, खुर्चीचं वजन वजा केलं, आकडा टाकला. स्क्रीन म्हणाली, वजन चुकीचं आहे. पुन्हा टाकला, आणखी एकदा टाकला, तरी तेच. तिला वाटलं, खुर्चीचं वजन धरण्यात आपणच चुकलो. खाली लिहिलं होतं म्हणे कितीपासून कितीपर्यंत हवं ते. त्यातला सगळ्यात खालचा आकडा तिनं टाकला. मग घेतलं."

अडसरबाई जागच्या जागी बसली. खुर्चीवर नाही, भाजीच्या टोपलीवर. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"तुझं आहे का ते?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली. कोरडं वजन डॉक्टरांनी नवीन ठरवून पाठवलं होतं, पण केंद्राकडे मामांचं शेवटचं मोजलेलं वजन होतं ते दोन पायांचं. मधले दिवस ते दुसरीकडे होते, त्याची नोंद इथं कुठून असणार? नियमानं आपलं काम चोख केलं होतं. दारात आलेल्या खऱ्याला अडवलं होतं आणि खोट्याला आत घेतलं होतं, तेही वाट दाखवून.

ती खाली गेली. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मामा, ते स्क्रीनवरचं मी लिहिलंय," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तो नियम माझा."

मामांनी पांघरूण वर ओढलं. मग म्हणाले, "अक्षर ओळखीचं वाटलंच."

"मामा, थट्टा नको."

"थट्टा कुठे करतोय. बस." ती बसली. "हे बघ, चक्कर वगैरे येते माणसाला. त्याचं काही नाही. पण मी आता जाणार नाही तिथं."

"असं कसं? परवा तुमची वेळ आहे."

"असू दे."

"नाही गेलात तर काय होतं, माहीत आहे ना?"

"तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." ते वळले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत. "त्या पोरीनं तीनदा आकडा घातला गं. तीनदा लाल अक्षरात आलं. माझ्या डोळ्यांसमोरच होती स्क्रीन. वजन चुकीचं आहे. मी मनात म्हटलं, बरोबर आहे तिचं. हॉस्पिटलात सगळ्यांना हसवत होतो ना मी? पण खरं तेच आहे. या खुर्चीत बसलेला माणूस कुठल्या हिशेबात बसत नाही आता. मला ते कुणी सांगत नव्हतं. त्या यंत्रानं तोंडावर सांगितलं, एवढंच."

अडसरबाई हुज्जत न घालता उठली. हे गल्लीत प्रथमच घडत होतं आणि बघायला कुणी नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टरचा फोन ऑफिसात तिच्याही आधी पोचला होता. नियम काढून टाका, आजच्या आज. साहेबही तेच म्हणाले. "एक ओळ आहे. काढून टाकू आणि विषय संपवू."

"आणि उद्या पुन्हा पंचेचाळीसचे चोपन्न झाले म्हणजे?"

"मग काय करायचं म्हणता?"

"मला आधी केंद्रात जाऊन येऊ दे," ती म्हणाली.

नियम लिहिला होता तिनं, पण केंद्राच्या आत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. मोठी सिस्टर वर आली होती, सांगून गेली होती, संपलं. आता तिनं पाहिलं. ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीशेजारी मशीन, आणि दाराशी जमिनीत बसवलेला लांबरुंद काटा, ज्यावर चाकाची खुर्चीसुद्धा चढते. चाकाच्या खुर्च्यांच्या पाठीला वजनाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यातल्या निम्म्या घासून पुसट झालेल्या. एक पेशंट काट्यावर, दुसरा दारात, तिसऱ्याचं मशीन पिंपिं करतंय, आणि नवीन सिस्टर या सगळ्यांत.

नवीन सिस्टरला वाटलं, ही बाई आपल्याला झाडायला आली आहे. ती आधीच रडवेली झाली होती.

"काटा एक सांगत होता, स्क्रीन दुसरं," ती म्हणाली. "काटा जुना आहे मॅडम. स्क्रीन नवीन. आणि स्क्रीन इतकी ठाम होती. मी काल आलेली. मी कोण तिला नाही म्हणणारी?"

"पाय दिसला नाही का तुला?" अडसरबाईनं विचारलं. बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पांघरूण होतं मॅडम. आणि मी त्यांना आधी कधी पाहिलंच नव्हतं. मला कुठे ठाऊक, मागचं वजन दोन पायांचं होतं ते?"

अडसरबाई परत ऑफिसात आली. बटण आपलं म्हणणं सांगू शकत नाही. ते बोलू शकलं असतं, तर तिनं इतकी वर्षं किती जणांचं न ऐकता त्यांना डब्यात टाकलं असतं, असं काहीबाही तिच्या मनात आलं. मग ते बाजूला सारून ती कामाला लागली, कारण मामांची वेळ उद्याची होती.

आता तिनं नियमाचे दोन तुकडे केले. जे होऊच शकत नाही ते अडवायचं: वजन शून्य, वजन सातशे, वजनाच्या जागी नाव. आणि जे सहसा होत नाही पण होऊ शकतं, ते अडवायचं नाही, विचारायचं. पुन्हा मोजायला लावायचं. तोच आकडा पुन्हा आला, तर एका रकान्यात कारण मागायचं, मोठ्या सिस्टरला कळवायचं, आणि आत घ्यायचं. कितीपासून कितीपर्यंत हवं, ते मात्र पुन्हा कधी दाखवायचं नाही. परीक्षेत उत्तर फळ्यावर लिहून ठेवल्यासारखं होतं ते. बोलायला सोपं आहे हे, पण फ्रेमवर्कला फक्त हो आणि नाही कळायचं. हो पण का, हे कळायचं नाही. ते त्याला शिकवताना तिची दुपार गेली. साहेबांनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही कप थंड झाले.

काम जमलं. अडलं ते वाक्यावर. चुकीचं हा शब्द काढल्यावर तिथं काय लिहायचं, ते काही केल्या तिला सुचेना. शेवटी तिनं चार-पाच वाक्यं कागदावर उतरवली आणि संध्याकाळी मामांच्या दारात उभी राहिली.

"मामा, मला एक तपासून हवंय."

"तुला?" मामांनी डोळे उघडले. "तुला तपासून हवंय?"

"हो."

"जावईबापू," मामांनी दारामागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला हाक मारली, "खिडकी बंद करा. आज सूर्य कुठून उगवला ते मला बघायचं नाही."

पण चष्मा मागितला. तिनं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. वजनात विसंगती आढळली आहे.

"हे कुणाशी बोलतंय? कोर्टाशी?"

दुसरं. कृपया वजनाची फेरपडताळणी करावी.

"ही तर पोस्टाची नोटीस झाली. आयुष्यभर वाटल्या असल्या मी. कुणी वाचत नाही."

तिसरं. वजन जरा वेगळं दिसतंय.

"हे तोंड वाकडं करून बोलल्यासारखं आहे. शेजारीण म्हणते ना, आज जरा वेगळ्या दिसताय, तसं." मामा आता उशीला टेकून बसले होते. "तुला काय विचारायचंय त्यांना? साध्या भाषेत सांग."

"मला विचारायचंय की... मागच्या वेळेपेक्षा बराच फरक आहे. एकदा पुन्हा मोजा. तेवढंच भरलं तर काय झालं ते सांगा."

"मग हेच लिही की."

तिनं कागद खाली केला. "असंच?"

"घरात आलेल्या माणसाला असंच विचारतात. पत्ता अर्धा असला तर मी दारात जाऊन विचारायचो, बाई, हे तुमचं का? कधी असायचं, कधी नसायचं. पण विचारल्याशिवाय मी परत कधी नेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणि काय झालं ते कोण सांगणार? ती सिस्टर की मी?"

"ज्याला ठाऊक आहे तो. लिहील ती, सांगायचं तुम्ही."

"मी येतोय असं मी म्हणालो नाही."

"मीही तसं म्हटलं नाही," ती म्हणाली आणि वर गेली. जाताना दाराची कडी लागते का, ते दोनदा पाहून गेली, एवढी ती बदलली नव्हती.

सकाळी नवरा गाडी घेऊन इमारतीखाली उभा राहिला. ती त्याच्याशेजारी. मामांचं दार बंद. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं दाराकडे. ठोठावायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. एरवी ती घंटा वाजवून, कडी वाजवून, खिडकीतून हाका मारून थकली नसती. आज ती नुसती उभी राहिली, आणि हे तिला किती जड जात होतं ते तिच्या पदराच्या झालेल्या पिळावरून कुणालाही कळलं असतं.

दार आतून उघडलं. मामा खुर्चीत, शर्ट घालून, केस विंचरून. "कडी वर आहे," ते म्हणाले, "खुर्चीतून हात पोचायला वेळ लागतो. जावईबापू, ती जरा खाली बसवा उद्या."

केंद्रात नवीन सिस्टरच होती. तिनं मामांना खुर्चीसकट काट्यावर घेतलं. मग रिकामी खुर्ची वेगळी मोजली, चिठ्ठीवर भरवसा न ठेवता. आकडा टाकला. लाल काही आलं नाही. साध्या काळ्या अक्षरांत ते वाक्य आलं. तिनं मोठ्यानं वाचलं, मामांना पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

"मामा," ती दबकत म्हणाली, "काय झालं ते विचारतंय. लिहू का मी, पाय..."

"थांब, मी सांगतो. तू लिही." मामांनी घसा साफ केला. "डावा पाय गुडघ्याखालून काढला आहे. मोठ्या हॉस्पिटलात. लिहिलंस?"

"हो."

"तो पाय वाईट नव्हता. पुष्कळ चालला. शेवटी शेवटी त्याच्याच्यानं होईना."

नवीन सिस्टरनं अडसरबाईकडे पाहिलं. अडसरबाईनं लिही अशी खूण केली. जगातल्या प्रत्येक रकान्याला मापाचा नियम घालणाऱ्या या बाईनं त्या रकान्याला किती लांब लिहावं याचा नियम घातला नव्हता. मागून मोठी सिस्टर आली, "अहो मामा, मशीन थांबलंय तुमच्यासाठी," म्हणाली, आणि मग स्क्रीनकडे पाहून तीही थांबली.

"बाकी वजन माझंच आहे," मामा म्हणाले. "सगळं. एवढं लिही आणि दे टाकून आत."

पोरीनं बटण दाबलं. मामा मान लांब करून स्क्रीनकडे बघत राहिले. लाल काही येतं का, काही वाक्य येतं का. काहीच आलं नाही. आकडा आपल्या जागी जाऊन बसला आणि खाली आज काढायच्या पाण्याचा हिशेब उमटला.

"काय म्हणालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," नवीन सिस्टर म्हणाली. "घेतलं."

"काहीच नाही?"

"घेतलं म्हटल्यावर ते काही बोलत नाही मामा," अडसरबाई म्हणाली.

मामांनी शर्टाची बाही वर सरकवली आणि सुया टोचायचा हात सिस्टरपुढे केला.